मौरूसी की मौकूफ

(उमरगा, १९६१ चा उन्हाळा. तालुका उद्योग समितीची खोली. समितीचे अध्यक्ष आण्णासाहेब, आणि निजामाच्या कचेरीतले जुने मुन्शी जैनोद्दीन. मध्ये टेबलावर उर्दू दप्तर.)

आण्णासाहेब : तेलघाणे झाले. पुढं?

जैनोद्दीन : पुढं घोंगड्या, हुजूर. धनगरांचे माग, एकूण तेवीस. ही नोंद फसली तेराशे पन्नासची, म्हणजे वीस वर्षं झाली.

आण्णासाहेब : आज किती असतील?

जैनोद्दीन : नऊ-दहा. त्यातही दोघांचे डोळे गेलेत.

आण्णासाहेब : लिहा मराठीत. ‘घोंगडी-विणकाम. लोकर भरपूर, कारागीर स्वस्त. कारखान्यास वाव आहे.’

जैनोद्दीन : डोळे गेले त्यांचं काय लिहू?

आण्णासाहेब : ते ‘स्वस्त’मध्ये आलं, मुन्शीजी.

जैनोद्दीन : जी.

आण्णासाहेब : असं तोंड नका करू. ही पुस्तिका सोलापूरला जाणार, हैदराबादला जाणार. ज्याच्याजवळ भांडवल आहे त्यानं पान उलटलं की त्याला कळलं पाहिजे, या तालुक्यात कुठं शिरता येईल. जिथं माणूस दमलाय तिथं वाव. एवढं सोपं आहे. पुढं वाचा.

जैनोद्दीन : पुढं चुन्याची भट्टी. शंकरप्पा वल्द मलकप्पा. इथं ‘मौकूफ’ असा मागाहून मारलेला शेरा आहे.

आण्णासाहेब : मौकूफ म्हणजे बंद.

जैनोद्दीन : बंद. धंदा थांबला, परवाना संपला, जागा पुन्हा सरकारची.

आण्णासाहेब : छान. हाच शब्द मला आवडतो. जिल्ह्याचा हुकूमच आहे, मौकूफ धंद्याची जागा नव्या कारखान्याला द्यावी. लिहा, ‘जागा उपलब्ध.’ पुढं?

जैनोद्दीन : पुढचं... पुढचं आमच्याच घरचं आहे, हुजूर. ‘आयुब वल्द इमामोद्दीन. रंगखाना, नाल्याकाठी. विहीर एक, हौद चार. मौरूसी.’

आण्णासाहेब : मौरूसी?

जैनोद्दीन : वडिलोपार्जित. बापाकडून मुलाकडं, मुलगा नसला तर बायकोकडं. चालता धंदा असेल तोवर त्या जागेला सरकारही हात लावत नाही. आयुबभाई माझा मोठा भाऊ. आता भाभी चालवते.

आण्णासाहेब : सकिनाबी. माहीत आहे. सोलापूरचे रेवणप्पा शेठ तिचं लाल सूत बघून गेले. म्हणाले, असं लाल आमच्या गिरणीत उतरत नाही. त्यांना सूत रंगवायचा कारखाना इथंच काढायचाय. इंजिन, बॉयलर, साठ माणसं. आणि विहीर तीच पाहिजे, दुसरी नाही.

जैनोद्दीन : मग भाभीला भागीदार करून घ्या ना.

आण्णासाहेब : शेठ म्हणाले, बाई नको, विहीर द्या.

जैनोद्दीन : पण नोंद तर मौरूसी आहे.

आण्णासाहेब : मुन्शीजी, मला थोडं शिकवा. या वयात शिकायला लाज कसली? हे दोन्ही शब्द कोऱ्या कागदावर काढून दाखवा. मौरूसी आणि मौकूफ.

जैनोद्दीन : हं. हे बघा. मौरूसी : मीम, वाव, रे, वाव, से, ये. आणि हा मौकूफ : मीम, वाव, काफ, वाव, फे.

आण्णासाहेब : ‘वाव’ अक्षराचं नाव आहे?

जैनोद्दीन : जी.

आण्णासाहेब : म्हणजे दोन्ही शब्दांत वाव आहेच म्हणा की! आणि ही टिंबं?

जैनोद्दीन : नुक्ते. ‘से’वर तीन नुक्ते, एका जागी. ‘काफ’वर दोन आणि ‘फे’वर एक.

आण्णासाहेब : दोन आणि एक तीन. इकडंही तीन, तिकडंही तीन.

जैनोद्दीन : पण हुजूर, ‘रे’ अशी खाली घसरते. ‘काफ’ला डोकं असतं, गोल.

आण्णासाहेब : या दप्तरात ते गोल डोकं कुणाला दिसतं? शाई उडालीय, घाईचं अक्षर, मुंगीनं चालत जावं तसं. तालुक्यात हे वाचणारे किती?

जैनोद्दीन : मशिदीतले मौलवी छापील वाचतात. कचेरीचं हे घसीट अक्षर त्यांना लागत नाही. एक जळकोटचे मुन्शी होते, ते गेले. आता मी.

आण्णासाहेब : म्हणजे तुम्ही वाचाल तोच शब्द.

जैनोद्दीन : हुजूर, ती माझ्या भावाची बायको आहे.

आण्णासाहेब : आणि सादिक तुमचा मुलगा आहे. किती वर्षं झाली त्याला मॅट्रिक होऊन?

जैनोद्दीन : दोन.

आण्णासाहेब : उर्दूतून. काय करतो?

जैनोद्दीन : मराठीचा अभ्यास करतो. घरी असतो.

आण्णासाहेब : स्टँडवर असतो. मोटारी मोजतो. मी बघतो ना येता-जाता. शेठना रंगखात्यावर एक विश्वासू माणूस हवाय, कायमचा. मी म्हटलं, रंगरेजाच्या घरातलाच आहे, देतो. अजून नाव नाही सांगितलं.

जैनोद्दीन : आणि मी नाही म्हटलं तर?

आण्णासाहेब : काही नाही. मी कुठं धाक घालतो? सादिक मोटारी मोजेल. आपल्या हायवेला मोटारी काही कमी नाहीत. शिवाय तुम्हाला खोटं कुठं लिहायचंय? दप्तराला हातसुद्धा लावायचा नाही. पुसट आहे ते पुसट वाचायचं. जिल्ह्याला जाईल ते तुमचं मराठी, तुमच्या सहीचं. दप्तर जाईल कोठडीत, आणि कोठडीत वाळवी आपलं वाचन करते. त्या बघा, आल्या सकिनाबी. मीच बोलावलंय.

जैनोद्दीन : तुम्ही तिला बोलावलंत? आज?

आण्णासाहेब : तिच्यासमोर वाचलेलं बरं. मागाहून कुणी म्हणायला नको, पाठीमागं झालं. या, सकिनाबी, या. उन्हातून आलात. बसा खुर्चीवर.

सकिनाबी : सलाम आण्णासाहेब. खुर्ची कशाला, म्या खालीच बरी. हात रंगलेले हायत, तुमची खुर्ची लाल व्हईल. जैनुभाई, तुमी बी हायत व्हय? मग बरं झालं. मला वाटलं कचेरीत एकलीच काय बोलू.

जैनोद्दीन : बसा भाभी.

सकिनाबी : आण्णासाहेब, ही लडी आनलीय तुमच्यासाठी. कालच सुकली. ओढून बघा, चावून बघा, धुवायच्या सोड्यात उकळा. नवरी म्हातारी व्हईल पर हा रंग उतरायचा न्हाय.

आण्णासाहेब : वा! डाळिंब फोडल्यासारखं आहे. सकिनाबी, आम्ही एक पुस्तक छापतोय. तालुक्यात कुठले धंदे नावाजलेले आहेत, त्याचं. त्यात तुमचा रंग घालायचाय.

सकिनाबी : माजा? बुकात?

आण्णासाहेब : मग कुणाचा? पण शेठलोक विचारतात, बाई काय जादू करते ते लिहा. म्हणून बोलावलं. तुम्ही सांगा, मुन्शीजी लिहून घेतील.

सकिनाबी : जादू कशाची आली. आता रंग पुडीचाच, सोलापुराहून येतो. आदी आल नावाच्या झाडाच्या लाल मुळ्या कुटत होतो. पर पुडी काय आन् मुळी काय, सूत तयार नसंल तर बसत न्हाय. लिवा जैनुभाई. एरंडेल, साजीखार, आन् शेळीच्या लेंड्यांचं पानी.

आण्णासाहेब : लेंड्यांचं!

सकिनाबी : हसू नका मालक. ते आपल्या काळ्या शेळीचंच पायजे. म्हशीच्या शेनानं सूत पिवळं पडतं. त्या पान्यात सूत तुडवायचं, रातभर ठिवायचं, दिवसा उनात घालायचं. असं बारा डाव. लोक आठ डावातच थांबत्यात, म्हनून त्यांचं लाल विटतं. लिवलं का, बारा?

जैनोद्दीन : लिहिलं.

सकिनाबी : लई सावकाश लिवता तुमी आज. मग तुरटी. तुरटीच्या टायमाला पानी विहिरीचं. हितंच खरी गोम हाय. गावातल्या पान्यात तुरटी फाटती, लाल विटकरी पडतं. आमच्या विहिरीला तळाशी चुनखडी हाय, पानी जिभंला खरखर लागतं. पर सावनात नाला वर येतो, तवा पानी गोड व्हतं. तवा दोन म्हैने रंग करायचा न्हाय. हे कुनाला सांगत न्हाय म्या. बुकासाठी सांगते.

आण्णासाहेब : आणि पाणी तयार झालं ते कसं ओळखायचं?

सकिनाबी : आळवाचं पान बुडवायचं. पानाला पांढरी साय धरली की समजा आला हंगाम. हे आमच्या सासऱ्यांचं. सादिकला बी म्हाईत न्हाय, व्हय ना जैनुभाई? पोरगं माज्या मांडीवर वाढलं, पर हौदाजवळ कदी आलं न्हाय. कपडे लाल व्हत्यात म्हनं.

जैनोद्दीन : नाही आला.

आण्णासाहेब : आता येईल. सगळं लिहून घेतलंत, मुन्शीजी? आळवाचं पानसुद्धा?

जैनोद्दीन : जी.

आण्णासाहेब : सकिनाबी, आता एक नियमाची गोष्ट. पुस्तकात घालायचं तर परवाना लागतो. तुमच्याकडं कागद आहे?

सकिनाबी : कागद जळाला की. पोलीस ॲक्शनच्या साली. घरात पत्र्याची पेटी होती, तिच्यासकट गेला. कागदाचं काय घेऊन बसलात, तवा आमचे मालकच...

आण्णासाहेब : ते राहू द्या. तेव्हा रंगखाना किती दिवस बंद होता?

सकिनाबी : आठ म्हैने. मालकांना पुरलं, इद्दतीचं घरात बसनं संपलं, आन् भट्टी पेटवली. कोन येत नव्हतं सूत घेऊन. म्या माजी लुगडीच रंगवत बसले. भट्टी थंड पडली तर लोक म्हनतील सरला रंगखाना.

आण्णासाहेब : आठ महिने. मुन्शीजी, ऐकलंत ना? बरं, कागद नाही तर दप्तरातली नोंद बघू. सरकारी वाचक हेच आहेत. तुमच्यासमोर वाचतील. वाचा, मुन्शीजी.

जैनोद्दीन : हुजूर, उद्या वाचू. आज डोळ्यांना...

आण्णासाहेब : आजच. त्यांना उन्हातून पुन्हा हेलपाटा कशाला? सादिकचं पण मला संध्याकाळीच शेठना सांगायचंय.

सकिनाबी : सादिकचं काय?

आण्णासाहेब : नोकरीचं. मुन्शीजी वाचतील मग सांगतो.

सकिनाबी : अल्लाची मेहेर! वाचा की जैनुभाई, लौकर वाचा.

जैनोद्दीन : ‘आयुब वल्द इमामोद्दीन. रंगखाना, लब-ए-नाला. विहीर एक. हौद चार.’

सकिनाबी : हाव, चार. पाचवा मागून बांधला.

आण्णासाहेब : पुढं?

जैनोद्दीन : पुढं शेरा आहे.

आण्णासाहेब : काय आहे?

जैनोद्दीन : पुसट आहे.

आण्णासाहेब : पुसट आहे म्हणूनच तुम्हाला बोलावलं. नाहीतर मीच वाचलं असतं.

जैनोद्दीन : ‘मौकूफ.’

सकिनाबी : म्हंजे?

आण्णासाहेब : म्हणजे बंद, सकिनाबी. धंदा बंद झाला, जागा सरकारजमा.

सकिनाबी : बंद कुठं हाय? हे हात बघा की! जैनुभाई, नीट बघा. मालकांनी मला दावलं होतं. मला वाचता येत न्हाय, म्हनून सांगितलं होतं, सकिना, तीन नुक्ते बघायचे, चुलीच्या तीन दगडांसारखे. ती आपली चूल, ती हाय तोवर कोन उठवू शकत न्हाय. द्या बरं ते दप्तर हिकडं. कुठली वळ? ही? हे बघा! हे काय, तीन दगड! ही चूल!

आण्णासाहेब : मुन्शीजी?

सकिनाबी : बोला की. हीच ना?

जैनोद्दीन : नाही, भाभी.

सकिनाबी : मग हे काय हाय?

जैनोद्दीन : ते... ते नाव आहे. आयुबभाईंचं नाव. त्यातही तीन नुक्ते असतात.

सकिनाबी : नाव?

जैनोद्दीन : शेरा त्याच्या पुढं आहे. इथं दोन नुक्ते, इथं एक. दिसत नाहीत नीट.

सकिनाबी : मला न्हाय दिसत. तुमाला दिसतंय न्हवं?

जैनोद्दीन : दिसतंय.

सकिनाबी : तुमी वाचलं म्हंजे वाचलं. तुमच्यासारखं कोन वाचनार. मालक म्हनायचे, आमच्या घरात एकच शिकला, पर सगळ्या घराचं शिकला. ...म्हंजे त्यांचीच चूक झाली म्हना. मला चुलीची खूण सांगितली, आन् ते त्यांचंच नाव निघालं.

आण्णासाहेब : होतं असं. शिकलेलं नसलं की ठिपक्यांना माणूस काहीही समजतो.

सकिनाबी : मग आता, आण्णासाहेब?

आण्णासाहेब : घाबरू नका. जागेवर कारखाना होईल. तुमचे हौद बुजवू, सिमेंटचे बांधू. तुम्हाला कुणी हाकलत नाही. कामाला या. सादिक रंगखात्यावर असेल, त्याच्या हाताखाली.

सकिनाबी : सादिकच्या?

आण्णासाहेब : तुम्ही त्याला शिकवा. एखादं वर्ष लागेल. पुढचं पुढं.

सकिनाबी : शिकवीन की. पोराला नोकरी लागली, वाईट कसं म्हनू. जैनुभाई, तुमी का रडता? तुमचा काय कसूर? लिवनाऱ्यानं लिवलं, तुमी नुस्तं वाचलं. पुसा डोळं. आण्णासाहेब, उन्हाचं त्यांना पानी द्या कुनीतरी.

आण्णासाहेब : देतो ना.

सकिनाबी : आण्णासाहेब, बुकात माजं नाव येईल का अजून?

आण्णासाहेब : पुस्तकात माणसांची नावं नसतात, सकिनाबी. वाव असतो.

सकिनाबी : वाव म्हंजे?

आण्णासाहेब : जागा. नव्या माणसाला शिरायला जागा.

सकिनाबी : असं. ...मग येक मागनं हाय. देनार का?

आण्णासाहेब : मागा.

सकिनाबी : ते त्यांचं नाव तेवढं मला कागदावर काढून द्या. म्या त्यांचं नाव तोंडानं कदी घेतलं न्हाय, बायकांनी घेऊ न्हाय. फोटू न्हाय, कागद न्हाय, काय बी राहिलं न्हाय. ताईत करून गळ्यात घालीन. द्याल ना जैनुभाई?

जैनोद्दीन : भाभी, नंतर. घरी आणून देतो.

सकिनाबी : घरी दप्तर कुठं? हितलंच पायजे. असंच, हे तीन दगड हायत तसंच. म्या बघून घेते.

आण्णासाहेब : द्या की, मुन्शीजी. एवढं काय त्यात? जाता जाता बाईला काहीतरी मिळू द्या.

जैनोद्दीन : ...घ्या.

सकिनाबी : थांबा, ताडून बघते. हे खाली घसरलंय, हितंबी घसरलंय. हे तीन वर, हे बी तीन वर. तसंच्या तसं?

जैनोद्दीन : तसंच्या तसं, भाभी.

सकिनाबी : डोळ्यांना लावते. ओला हाय का अजून? लागू द्या, लागली शाई तर लागू द्या. चला, येते मालक. कस्तुराबाईचं सूत उनात टाकून आलेय, अकरावा डाव हाय. एक डाव राहिलाय, तो करू द्याल ना?

आण्णासाहेब : करा, करा. बाराही डाव करा. सादिकला बघायला पाठवतो.

सकिनाबी : पाठवा. जुने कपडे घालून ये म्हनावं. सलाम.

आण्णासाहेब : सलाम. ...गेल्या. फार सरळ बाई. मला वाटलं होतं, आरडाओरडा करेल. पाणी घ्या, मुन्शीजी.

जैनोद्दीन : नको.

आण्णासाहेब : मग सही करा. इथं. ‘दप्तर वाचून मराठीत उतरवले.’ तारीख मी घालतो.

जैनोद्दीन : केली.

आण्णासाहेब : आता मला सांगा, तिला काय लिहून दिलंत?

जैनोद्दीन : तिनं बोट ठेवलं ते.

आण्णासाहेब : मुन्शीजी, मघाशी मी तुमच्याकडून दोन शब्द शिकलोय. तीन ठिपके एका जागी होते.

जैनोद्दीन : दुसरं काही काढलं असतं तर आकार जुळला नसता. ती ताडून बघत होती.

आण्णासाहेब : म्हणजे ‘मौरूसी’ लिहून दिलंत. तुमच्या हातानं. आणि तो कागद घेऊन ती बाजारातनं चाललीय. उद्या कुणी तो वाचला तर?

जैनोद्दीन : घरी जाऊन मेणात बुडवेल. चामड्यात घालून शिवून टाकेल.

आण्णासाहेब : तरीसुद्धा?

जैनोद्दीन : ताईत उघडून कुणी वाचत नाही, हुजूर. वाचला तर त्याची बरकत जाते.